बोट किती मजल्यांची ते नंतर, आधी थांबे विचारा

एकतीस वर्षं एसटीत वाहक होतो, त्यातली बहुतेक नोकरी दारव्हा आगारात झाली. प्रवासी पायरीवर पाय ठेवायच्या आधी एकच गोष्ट विचारतो, "अमुक गावाले थांबते का?" गाडी नवी आहे का, सीटचं कापड कसं आहे, हे कोणी विचारत नाही. पण फेब्रुवारीत आम्ही दोघं सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर जाऊन आलो, आणि तेव्हापासून जो भेटतो तो हेच विचारतो: बोट किती मजल्यांची होती, पोहायचा हौद होता का, जेवायला काय होतं. कुठे थांबली, किती वेळ थांबली, थांबली तिथून गाव किती दूर होतं, हे कोणी विचारत नाही. आमच्या चार दिवसांचा आनंद आणि आमचं नुकसान, दोन्ही थांब्यांवरच ठरलं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आमच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून पुण्याच्या मुलीने आणि जावयांनी पैसे दिले. निवड मात्र माझ्यावर सोपवली. एजंटने तीन पत्रकं पुढ्यात टाकली. पहिल्यावर लिहिलं होतं, तीन रात्री, सिंगापूर आणि क्वालालंपूर. वर त्या दोन जुळ्या मनोऱ्यांचा फोटो. मी घरी मुलीचा जुना शाळेतला नकाशा काढून पाहिला होता. क्वालालंपूर किनाऱ्यावर नाही. मी त्याला विचारलं, "बोट मनोऱ्याजवळ कशी जाते?" त्याने कुठेतरी फोन लावला आणि मग सांगितलं, बोट पोर्ट क्लांगला लागते, तिथून बस करायची. पोर्ट क्लांग ते क्वालालंपूर साधारण ४० किलोमीटर, म्हणजे आमच्या दारव्ह्याहून यवतमाळ जेवढं, जवळपास तेवढं. शहरात शिरताना गर्दी लागली तर जायला दीड तास, यायला दीड तास. पत्रकावर हे कुठेच नव्हतं.

आपल्याकडे याला फाटा म्हणतात. पाटीवर गावाचं नाव असतं, गाडी उतरवते फाट्यावर, आणि गाव दोन-तीन किलोमीटर आत. माझं स्वतःचं गाव असंच आहे, रात्रीच्या शेवटच्या गाडीने फाट्यावर उतरून चालत गेलेला माणूस आहे मी. क्रूझच्या पत्रकात हे फाटे भरपूर असतात. बँकॉक लिहिलेलं असतं, मोठी बोट लागते लाएम चाबांगला, तिथून बँकॉक दोन तास. युरोपच्या पत्रकात रोम असतं, बंदर असतं चिविताव्हेकिया, रोमपासून ७० किलोमीटरच्या वर. यात कोणी खोटं बोलत नाही, बारीक अक्षरात कुठेतरी बंदराचं नाव असतंच. पण ते आपल्याला शोधून काढावं लागतं. आधी बंदराचं नाव घ्या, मग ते बंदर नकाशावर टाकून मूळ गावापर्यंतचं अंतर मोजा, त्यानंतरच पैशाची गोष्ट करा.

दुसरं पत्रक सगळ्यात स्वस्त होतं. दोन रात्री समुद्रात जायचं आणि जिथून निघालो तिथेच परत, मध्ये थांबा एकही नाही. ज्याला बोटीवरच्याच मजेत रस आहे त्याने खुशाल जावं. पण आमच्या घरच्या मंडळींनी जन्मात दुसरा देश पाहिला नव्हता. तिला नुसतं पाणी दाखवून परत आणायचं माझ्या मनाला पटेना.

तिसरं होतं सिंगापूर, मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत आणि परत सिंगापूर. पेनांगला बोट कुठे लागते हे विचारलं तर उत्तर आलं, स्वेटनहॅम पिअर. नकाशावर बघितलं तर हा धक्का जॉर्ज टाउन शहराच्या थेट तोंडावर. उतरलं की गाव. फाटा नाहीच. तिथेच मी ठरवून टाकलं. फुकेतबद्दल मात्र मी जेवढं खोदून विचारायला पाहिजे होतं तेवढं विचारलं नाही, ती चूक पुढे सांगतो.

निघायच्या आधीच्या दोन-तीन कामाच्या गोष्टी. बोट सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येते, म्हणजे त्या देशात आपला प्रवेश दोनदा होतो. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे हे कागदावर स्वतः वाचून घ्या. वाटेतल्या देशांचे व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. आणि आपल्या भागातल्या लोकांसाठी खास: खर्रा, तंबाखू, गुटखा यातलं काहीही सोबत नेऊ नका. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे. एक पुडीसुद्धा खिशात राहू देऊ नका, कपड्यांचे खिसे उलटे करून बघा. मोसमाचंही ध्यानात घ्या. फुकेतचा पश्चिम किनारा नोव्हेंबर ते एप्रिल शांत असतो, पावसाळ्यात तिथे लाटा चढतात. आम्ही हरभरा काढायच्या आधी फेब्रुवारीत गेलो ते त्यासाठीच.

नागपूरहून मुंबई, मुंबईहून सिंगापूर. तिथल्या मरीना बे क्रूझ सेंटरपर्यंत मेट्रोने जाता येतं, मरीना साउथ पिअर नावाचं स्टेशन आहे. बोटीबद्दल थोडक्यातच सांगतो. आम्ही आतली, खिडकी नसलेली खोली घेतली, कारण झोपण्यापुरतंच तिथे जायचं होतं. खोली स्वच्छ, पलंग चांगला. मंडळी माळकरी आहेत, त्यांच्या शाकाहारी जेवणाची मला काळजी होती, पण भात, डाळ, पोळी, भाजी रोज मिळाली. सुटायच्या आधी सगळ्यांना धोक्याच्या वेळी कुठे जमायचं ते दाखवतात, ते नीट ऐका. मला सगळ्यात आवडलं ते उतरायच्या दारावरचं यंत्र. प्रत्येकाला एक कार्ड. बाहेर जाताना टेकवलं की टिंग, आत येताना टेकवलं की टिंग, आणि समोरच्या पडद्यावर आपला फोटो. कोण खाली उतरलं आणि कोण अजून आलं नाही हे त्यांना त्या क्षणी कळतं. ज्याने आयुष्यभर गाडीतली डोकी बोटाने मोजली त्यालाच या गोष्टीची किंमत कळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पेनांग. पावणेतीनला आम्ही रस्त्यावर होतो. बोट रात्री दहाला सुटणार होती. दुपारचा थांबा म्हटल्यावर मला वाटलं होतं, दिवस वाया गेला. पण तिकडे फेब्रुवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेडाचेच साडेचार-पाच तास हाती लागले.

पेनांगचं तिथलं नाव पुलाऊ पिनांग, आणि पिनांग म्हणजे सुपारी. सुपारीचं बेट. हे मंडळींना सांगितलं तर त्या धक्क्यावरच थांबून म्हणाल्या, "मंग आपल्या गावातले सगळे इथंच कसे नाही आले?" तिथून चालत दहा मिनिटांत घड्याळाचा मनोरा लागतो, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून बांधलेला, उंचीही ६० फूट, वर्षाला एक फूट. दुसऱ्या महायुद्धात जवळ बॉम्ब पडला तेव्हापासून तो थोडा कललेला आहे. जॉर्ज टाउनला २००८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, मलाक्का शहराबरोबर. त्यामुळे जुनी घरं, जुनी दुकानं, वरच्या मजल्यांच्या लाकडी झडपा, सगळं जागच्या जागी आहे आणि त्यात माणसं राहतात.

घाम मात्र फार येतो. आम्ही ४५ अंश सोसणारी माणसं, पण आपली धग कोरडी. तिथे ३२ अंशात सदरा पाठीला चिकटला. छत्री आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.

पाचच्या सुमारास क्वीन स्ट्रीटवरच्या श्री महामरिअम्मनच्या देवळात गेलो. १८३३ सालचं देऊळ, तमिळ लोकांनी बांधलेलं. गोपुरावर रंगीत मूर्ती, दारात फुलांच्या माळा विकणाऱ्या बाया, आतून नादस्वराचा आवाज. मंडळींनी तिथून एक मोगऱ्याचा गजरा घेतला आणि आजूबाजूला पाहत म्हणाल्या, "अवो, हे त आपल्या दारव्ह्याच्या बाजारावानीच हाये." मसाल्याची पोती, साड्यांची दुकानं, केळीच्या पानावर भात. त्याच गल्लीच्या पुढे मशीद, त्याच्या पुढे चिनी देऊळ. अर्ध्या तासाच्या चालण्यात इतकं सगळं, कुठेही गाडी करावी लागली नाही.

मग च्यू जेटी. ही जागा मला डोळ्यासमोरून हलत नाही. चीनमधून आलेल्या च्यू आडनावाच्या लोकांनी समुद्रात खांब रोवून त्यावर घरं बांधली. जमिनीवर घर नाही म्हणून जमिनीचा कर नाही, असं तिथे सांगतात. दोन्ही बाजूंना घरं आणि मधला रस्ता म्हणजे लाकडी फळ्या. फळ्यांमध्ये बोटभर फटी. त्या फटींतून खाली हिरवट पाणी हलताना दिसतं. मंडळी पहिल्या फळीवर उभ्या राहिल्या आणि पाय उचलेनात. "खालून पानी दिसून राह्यलं. मले त पाय टाकाले भेव लागते." मी पुढे होऊन हात दिला. दहा-बारा पावलं त्यांनी माझ्या हाताकडे बघत टाकली, मग फळ्यांचा खडखड आवाज पायाला ओळखीचा झाला आणि हात सोडून त्या पुढे चालायला लागल्या. एका दारात लाल रंगाचा छोटा देव्हारा, समोर तीन उदबत्त्या. एक म्हातारी पायरीवर बसून सुकवलेले मासे निवडत होती. मंडळींनी हात जोडले, तिने मान हलवली. शेवटच्या फळीपर्यंत जाऊन आम्ही बसलो. समोर खाडी, पलीकडे बटरवर्थचा किनारा, मधून फेरी ये-जा करत होती. अर्धा तास बसलो असू. आमच्या घरात समुद्र पहिल्यांदा शिरला तो त्या फळ्यांवर.

परतताना एक गोष्ट केली. जॉर्ज टाउनमध्ये कॅट नावाची फुकट शहर बस फिरते. वेल्ड की इथे फेरीच्या धक्क्याला लागून बसस्थानक आहे, ती तिथून सुटते. पेनांगच्या टेकडीकडे जाणारी २०४ नंबरची बसही त्याच स्थानकावरून मिळते, ज्यांच्या हाती पूर्ण दिवस आहे त्यांनी तिकडे जावं, वर चढणारी उताराची रेल्वे १९२३ सालापासूनची आहे. आम्ही फुकट बसने एक फेरी मारली. वाहक नाही, चालक एकटाच. मी त्याच्या मागच्या सीटवर बसून शेवटपर्यंत थांबे मोजत गेलो. उतरताना त्याला नमस्कार केला, त्यानेही हात वर केला. साडेआठला बोटीवर परत, बोट सुटायला दीड तास बाकी. घाई नाही, धावपळ नाही. थांबा असावा तर असा.

आता फुकेत. इथे मी कमी पडलो आणि पत्रकानेही फसवलं. पत्रकावर फोटो होता समुद्रातून उभ्या निघालेल्या चुनखडीच्या कड्यांचा. ते कडे फांगन्गाच्या उपसागरात आणि फी फी बेटांकडे आहेत, बेटाच्या दुसऱ्या अंगाला. बोट थांबते पाटोंगसमोर, पश्चिमेला. शिवाय धक्क्याला लागतच नाही. दूर पाण्यात नांगर टाकते आणि छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेतात, त्याला टेंडर म्हणतात. नंबराच्या चिठ्ठ्या वाटतात, नंबर पुकारला की खाली जायचं. ज्यांनी बोटीकडूनच सहल घेतली ते आधी उतरतात. आमची चिठ्ठी खूप मागची. बोट नऊला थांबली, आमचे पाय वाळूला लागले अकरा वाजून दहा मिनिटांनी. शेवटची होडी साडेपाचची. पत्रकात हा 'पूर्ण दिवस' होता, हातात पडले जेमतेम सहा तास.

होडीत उतरतानाचं सांगायलाच पाहिजे, कारण गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना कोणी सांगत नाही. होडी लाटेबरोबर वर-खाली होते. पायरी आणि होडीचा काठ कधी एका पातळीवर, कधी वीतभर खाली. दोन्ही बाजूंना एकेक खलाशी उभा, ते दंडाला धरून ठेवतात आणि होडी वर आली की "नाऊ" म्हणतात. त्या शब्दाला पाय टाकायचा, आधी नाही, नंतर नाही. मंडळींना दोन वेळा थांबवलं, तिसऱ्या लाटेला टाकलं. मुलं फार कसबी होती, त्यांचे आभार मानतो. पण समुद्र खवळला तर हे होऊच शकत नाही. माझे साडू दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बोटीने गेले होते, बेटावरचा एकमेव थांबा लाटांमुळे रद्द झाला. तिकिटाच्या अटींत तसं लिहिलेलंच असतं, हवा पाहून कप्तान थांबा गाळू शकतो. त्यांना बंदराचा कर तेवढा परत मिळाला. बेट त्यांनी कठड्यावरून पाहिलं. होडीचा थांबा म्हणजे पक्का थांबा नव्हे, हे धरूनच चाला.

जुनं फुकेत गाव, चिनी-पोर्तुगीज धाटणीच्या घरांचं, पाटोंगपासून घाट ओलांडून साधारण १५ किलोमीटर. परतीच्या गर्दीची खात्री नव्हती, आणि स्वतःच्या गाडीने गेलेल्यांसाठी बोट थांबत नाही. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर थांबतात, कारण ते त्यांचे प्रवासी. मी धोका घेतला नाही. किनाऱ्यावर झाडाखाली बसलो, नारळ प्यायलो, मंडळींनी लुगडं घोट्यापर्यंत उचलून पाण्यात पाय घातले. ते चांगलंच होतं. पण फुकेत पाहिलं असं मी म्हणणार नाही, आम्ही फुकेतचा फाटा पाहिला.

वेळेचं इथे फार सांभाळा. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. आमची बोट सिंगापूरच्याच वेळेवर चालत होती, पण किनाऱ्यावर पाय ठेवला की मोबाइल आपोआप थायलंडची वेळ दाखवतो. आमच्या टेबलावर जेवणारे एक मास्तर आणि त्यांच्या मिसेस बाजारात रमले. मोबाइलवर साडेचार, त्यांना वाटलं अजून तास आहे. बोटीवर तेव्हा साडेपाच झाले होते. नशिबाने शेवटची होडी दहा-बारा मिनिटं रेंगाळली म्हणून सापडली. बाई होडीत बसल्यावर रडत होत्या, हात थरथरत होते. माझ्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ होतं, बोटीच्या वेळेला लावलेलं. चावीचं, मनगटावरचं घड्याळ न्या आणि त्यालाच माना.

चौथा दिवस पाणीच पाणी. मलाक्काची सामुद्रधुनी जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जलमार्गांपैकी आहे, डेकवरून एकामागोमाग मालवाहू जहाजं दिसतात. दोन तास बघितली, नंतर झोपलो. पाचव्या दिवशी सकाळी सिंगापूर, रात्रीचं विमान, मधला दिवस मेट्रोने फिरलो. परतीचं विमान रात्रीचं घ्या, म्हणजे सुटायचं बंदरही एक थांबा होऊन जातं.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगतो. आम्हाला बोटीचं माणशी साधारण ४० हजार पडलं, विमान वेगळं. बोटीवरची रोजची टिप बिलात आपोआप चढते, ती एजंटने सांगितली नव्हती, शेवटच्या रात्री कागद हातात आल्यावर कळलं. आधी विचारा. एकट्या पेनांगसाठी एवढे पैसे मी पुन्हा खर्च करीन. फुकेतसाठी क्रूझने जाणार नाही, ते पाहायचं तर विमानाने जाऊन तीन दिवस राहावं.

गेल्या आठवड्यात गावातले एक पोलीस पाटील पत्रक घेऊन आले. पाच रात्री, चार शहरांची नावं, वर बोटीचा रंगीत फोटो. मी पेन घेतलं आणि प्रत्येक शहरापुढे जागा सोडली: बंदराचं नाव, धक्का की होडी, किती वाजता पोचते, किती वाजता सुटते, गाव किती किलोमीटर. कागद त्यांच्याकडून एजंटला पाठवला आहे. दोन शहरांचं उत्तर आलं, दोन्ही ठिकाणी धक्का आहे. उरलेल्या दोन ओळी अजून कोऱ्या आहेत, आणि त्या भरून येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका असं मी त्यांना सांगितलं आहे.